धीर कोठून येतो? : पंडिता रमाबाई आणि खचलेल्या मनाची श्रद्धा



हैदराबादेहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीने आपल्यापैकी बहुतेकांनी अनेकदा प्रवास केला असेल. वाडी मागे पडले की गुलबर्गा लागते. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले असले, तरी आपल्या घरांतून ते अजून गुलबर्गाच आहे. पुढे सोलापूर, मग दौंड, आणि दौंडनंतर पुण्याच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक. जलद गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या ते सहसा ध्यानातही येत नाही. तथापि गुलबर्गा आणि केडगाव ही एकाच लोहमार्गावरील दोन गावे एका आईच्या आणि तिच्या मुलीच्या कार्याने परस्परांशी जोडलेली आहेत. आई म्हणजे पंडिता रमाबाई; मुलगी म्हणजे मनोरमाबाई. त्या दोघींच्या जीवनाच्या आधाराने आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : माणूस खचतो तेव्हा त्याला धीर कोठून येतो, आणि ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नाचे कोणते उत्तर देते?

हा प्रश्न केवळ धर्मचिंतकांचा नाही. २०१९ साली आपल्या तेलंगणात इंटरमिजिएट परीक्षेच्या निकालानंतर अनेक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्या दिवसांतील वर्तमानपत्रे ज्यांनी वाचली, त्यांना शाळेच्या व्यासपीठावर हा विषय अप्रस्तुत वाटणार नाही. शाळा गणित शिकविते, भाषा शिकविते. परंतु अपयशाच्या संध्याकाळी मुलाने कोणाकडे जावे, हे ती क्वचितच शिकविते.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. ‘धैर्य’ हा शब्द उच्चारला की रणांगणावरील वीर डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ‘धीर’ हा घरगुती शब्द निराळा आहे. आपण धीर धरतो, आपला धीर सुटतो, खचतो. आणि मुख्य म्हणजे आपण दुसऱ्याला धीर देतो. मराठी माणसाच्या बोलण्यात धीर ही देण्याघेण्याची वस्तू आहे. ती एकाजवळून दुसऱ्याकडे जाते. ख्रिस्ती धर्मग्रंथाची या बाबतीतील धारणा आपल्या या वाक्प्रचाराच्या फार जवळची आहे, असे मला वाटते.

बायबलातील ‘राजे’ या नावाच्या पहिल्या पुस्तकात एलीया या संदेष्ट्याची कथा आहे. मोठा विजय मिळविल्यानंतर लगेचच राणी ईजबेल हिच्या धमकीने तो भयभीत झाला, रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाचा संदेष्टाही खचू शकतो, आणि धर्मग्रंथ ते लपवून ठेवीत नाही, ही या कथेतील पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. पुढे काय घडते, त्याचा क्रम पाहावा. देवदूत येतो, पण उपदेश करीत नाही. तो एलीयाला निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपी जातो. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवितो, तेही खाण्यासाठीच. त्यानंतर लांबची वाट चालून तो होरेब पर्वतावर पोहोचतो. तेथे वादळ, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर एका मंद स्वरात देव त्याच्याशी बोलतो. तो त्याला नवी कामे नेमून देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि त्याच्यासारखे आणखी सात हजार लोक या देशात आहेत, हे त्याच्या कानावर घालतो. मी एकटाच उरलो आहे, ही एलीयाची तक्रार होती. तिला मिळालेले उत्तर असे होते.

भाकरी, विश्रांती, काम आणि सोबत : या कथेत धीर या चार रूपांनी येतो. त्यांपैकी एकही रूप एलीयाने स्वतःच्या मनोबलाने निर्माण केलेले नाही. चारही त्याला दिली गेली आहेत.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत राहिले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण यांना मृत्यूने नेले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी त्या दिवसांची हकिकत दिली आहे. मरणपंथास लागलेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागण्याकरिता त्या एका शेजारणीकडे गेल्या. पण मागण्याची सवय नव्हती, शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने बाजरीची भाकरी दिली; परंतु ती खाण्याची शक्ती आईत उरली नव्हती. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाई स्वतः चौथ्या झाल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांना ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले.

पुढे भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भारतभर भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पटकीने पतीचे निधन झाले. चोवीस वर्षेही पूर्ण न झालेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

रमाबाईंनी दुःखाच्या भरात धर्मांतर केले, असे पुष्कळदा म्हटले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात त्या राहिल्या. त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. तो पाहून त्यांना प्रश्न पडला की ज्यांना सर्वांनी दूर लोटले, त्यांना या स्त्रिया जवळ का घेतात? तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीशी विहिरीकाठी बोलणाऱ्या ख्रिस्ताची गोष्ट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांना ख्रिस्ताकडे ओढणारी गोष्ट स्वतःच्या दुःखावरील उपाय ही नव्हती. दुसऱ्यांच्या दुःखाकडे पाहण्याची एक रीत त्यांना तेथे आढळली.

बाप्तिस्म्याने संकटे सरली, असेही झाले नाही. त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधीच तेथे आत्महत्या केली होती. रमाबाईंना बहिरेपणाचा विकार होता. तो बळावला आणि ज्या वैद्यकीय शिक्षणासाठी सातासमुद्रांपलीकडे आलो, तेच दार बंद झाले. त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. बहिरेपणा आयुष्यभर राहिला. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली होती; तो काटा निघाला नाही, तो सोसण्यापुरती कृपा मात्र मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेचे हे अंग नीट समजून घेतले पाहिजे. श्रद्धा ठेवली की काटा निघतो, असे वचन ती देत नाही.

श्रद्धेमुळे बुद्धी गहाण पडते, हा समजही रमाबाईंच्या बाबतीत टिकत नाही. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी धर्मसिद्धान्तांवर कसून वाद घातले. शिवाय १८९१ च्या सुमारास त्यांना असे जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, परंतु ख्रिस्ताला अद्याप ओळखलेले नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी हे लिहिण्यास प्रामाणिकपणा लागतो. श्रद्धा एका दिवसात पूर्ण होत नाही, आणि तिच्यातून येणारा धीरही एका दिवसात येत नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विधवांना व मुलींना शिक्षण देणारी ही संस्था पुढच्याच वर्षी पुण्यास हलली. धर्माच्या बाबतीत ती तटस्थ राहील, असे आश्वासन दिलेले होते. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा काही मुली आपण होऊन तेथे येऊ लागल्या. गावात असंतोष पसरला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर इत्यादी सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात पालकांची बाजूही समजण्यासारखी होती. त्यांनी एका आश्वासनावर विश्वास टाकला होता. प्रार्थनेचे दार लावून घेणे मात्र रमाबाईंना आपल्या श्रद्धेशी प्रतारणा वाटले. त्याच वर्षी सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या आणि कर्व्यांच्या कार्यात आयुष्यभर सहधर्मचारिणी म्हणून उभ्या राहिल्या. एका स्त्रीने दिलेला धीर धर्माच्या कुंपणापलीकडेही फळास आला, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ज्यांच्यावर आपण भिस्त ठेवली तेच दूर झाले, या दुःखाची जात मृत्यूच्या दुःखाहून वेगळी असते. त्यात मन कडू होण्याचा धोका असतो. रमाबाईंचे मन कडू झाले नाही, याचे उत्तर तीन वर्षांनंतरच्या घटनेत सापडते. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या वार्तेने वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे उपासमारीचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. अमेरिकेतील साहाय्यक संघाने १८८७ साली दहा वर्षांपुरता मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत संपत आली होती. अशा वेळी त्या दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था केली. हेच ‘मुक्ती’. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तेथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती.

मुक्तीमध्ये त्या मुलींना पहिल्या दिवशी काय मिळाले? अन्न, वस्त्र आणि औषधपाणी. नंतर शिक्षण, आणि त्याबरोबर शेती, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना यांतील काम. फुलहॅमला जे पाहिले, तेही १८९९ साली येथे ‘कृपा सदन’ या नावाने अवतरले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. एलीयाच्या कथेतील तोच क्रम : आधी भाकरी, मग विसावा, मग काम, आणि सदैव सोबत. आईसाठी मागून आणलेली जी भाकरी वेळेवर पोहोचली नाही, ती रमाबाईंनी उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या लेकींपर्यंत वेळेवर पोहोचविली. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी हाच विचार आहे : देवाकडून आपल्याला मिळालेले सांत्वन हे संकटात सापडलेल्या दुसऱ्याचे सांत्वन करता यावे, यासाठी असते.

मुक्तीचे कार्य निजामाच्या राज्यातही आले. १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास ख्रिस्ती माध्यमिक शाळा सुरू झाली. तिचे नाव ‘शांतिसदन’. मुलींच्या शिक्षणाची फारशी सोय नसलेल्या या भागात मनोरमाबाईंनी ती शाळा उभी केली. आईनंतर मुक्तीची धुराही त्याच वाहणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईंचे निधन झाले.

या घटनेनंतरचे सुमारे साडेआठ महिने हा माझ्या विषयाचा गाभा आहे. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते. जिने आईच्या कार्यात साथ दिली, ती एकुलती एक मुलगी गेली होती. त्यांच्यापुढे एक अपुरे काम होते. अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे, अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर करण्याचा संकल्प त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ चालविला होता. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मुक्तीतील स्त्रियाच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. कन्येच्या मृत्यूनंतर त्या पुन्हा त्याच हस्तलिखिताकडे वळल्या. काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ साली तो ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.

या काळात त्यांना रडू आले नसेल, असे कोण म्हणेल? ख्रिस्ती श्रद्धा अश्रूंना मनाई करीत नाही. गेथशेमाने बागेत ख्रिस्त स्वतः व्याकुळ झाला होता. हा प्याला टळावा, अशी त्याने प्रार्थना केली आणि मित्रांना जागे राहून सोबत करण्यास सांगितले. ते मित्र झोपी गेले. क्रूसावर चढणाऱ्या देवावर ज्याची श्रद्धा आहे, त्याला आपले दुःख देवाला अपरिचित आहे असे वाटत नाही. देव दुःखाच्या पलीकडे उभा राहून हाक मारीत नाही. तो त्या दुःखातून आपल्याबरोबर चालतो, ही त्या श्रद्धेची धारणा आहे. म्हणूनच दुःख न सरताही पुढचे पान उलटता येते.

रमाबाई असामान्य विदुषी होत्या, आम्हांला त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव पुरेसे आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यासारखा झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि विचारान्ती १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे होते. ते या बाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला तिचे एक अमोल आत्मचरित्र दिले. येथेही शोकातून बाहेर येण्याचा मार्ग अपुऱ्या राहिलेल्या कामातूनच गेला.

एक सावधगिरीची सूचना येथे केली पाहिजे. खचणे आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी एक नव्हेत. झोप, भूक, जगण्याची इच्छा दीर्घकाळ नाहीशी झाली असेल, तर तो आजार असू शकतो, आणि त्यासाठी वैद्यकीय उपचार घेणे यात श्रद्धेचा कमीपणा नाही. अशा माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे सांगणे हे क्रौर्य आहे. एलीयाला देवदूताने असे सांगितले नव्हते.

मग आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यावे? या सभागृहात निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत. रमाबाईंचा ख्रिस्त सर्वांनी स्वीकारावा, असे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि या व्याख्यानमालेचा तो हेतूही नाही. परंतु त्यांच्या श्रद्धेने धीराविषयी जे शिकविले, ते आपल्या घरात नेता येईल. जो खचला आहे, त्याने एकट्याने बळ गोळा करण्याची धडपड करू नये. कोणी धीर देऊ केला तर तो घ्यावा. आणि ज्याला कधीकाळी धीर मिळाला आहे, त्याने तो स्वतःजवळ ठेवू नये. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला मुलगा घरी आला, तर त्याला प्रथम जेवू घालावे, झोपू द्यावे, त्याच्याजवळ बसावे; पुढच्या कामाचे बोलणे त्यानंतर. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या अपयशाच्या हकिकती आजच्या मुलांना सांगाव्यात, कारण आपण एकटेच नाही, हे कळण्याची त्यांना गरज असते.

पुढच्या वेळी पुण्याला जाताना गुलबर्गा आले की मनोरमाबाईंची आठवण करा. दौंड सुटल्यावर केडगावची पाटी दिसली, तर क्षणभर खिडकीबाहेर पाहा. तेथे मुक्तीचे काम आजही चालू आहे.